डिपॉझिट न्यू जर्सीत, घरमालक पेनसिल्व्हेनियात, भाडेकरू टेक्सासमध्ये : दावा लावायचा कुठे?

हे प्रकरण खरं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी वकील नाही. न्यू जर्सीत बरीच वर्षं काढली आणि दोनदा स्वतः कोर्टाची पायरी चढलो, एवढ्या भांडवलावर ओळखीतली मंडळी कागद घेऊन माझ्याकडे येतात. हे दांपत्य आलं तेव्हा त्यांचा एक दावा आधीच फेटाळला गेला होता.

## पार्श्वभूमी

एडिसनमध्ये, म्हणजे मिडलसेक्स काउंटीत, त्यांनी दोन बेडरूमचा काँडो दोन वर्षं भाड्याने घेतला होता. भाडं महिना २,४०० डॉलर, डिपॉझिट ३,६००. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घरमालकाने ती मर्यादा गाठेपर्यंत घेतलं होतं. तो स्वतः डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत राहायचा. महिन्याकाठी एकदा येऊन नळ-बिळ बघून जायचा. संबंध चांगले होते. दिवाळीला फराळाचा डबा जात असे.

नवऱ्याला डॅलसजवळ नोकरी मिळाली. ३१ मे रोजी त्यांनी घर रिकामं केलं, किल्ल्या दिल्या, कॉलिन काउंटीतला नवा पत्ता ईमेलने कळवला. पुढचे चाळीस दिवस काही नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी ईमेल आला. त्यात चार ओळी : कार्पेट बदलणं १,९००, रंगकाम १,१५०, सफाई ३५०, किरकोळ २००. बेरीज करून पाहा. नेमकी ३,६००. डिपॉझिटच्या आकड्यावरून मागे येत हिशेब मांडला की तो असा चोख जमतो.

दांपत्याची बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. बेडरूमच्या कार्पेटवर खिडकीखाली इस्त्रीचा तळ उमटला होता : टोकाकडे निमुळता, होडीच्या आकाराचा, कडेला काळपट आणि मध्ये तपकिरी. बायकोने पहिल्याच फोनवर सांगितलं, “दादा, तो डाग आमचाच आहे, त्याचे पैसे कापले तर चालेल. पण सगळं कार्पेट?” कार्पेट सहा वर्षांचं होतं. रंगकाम तर दोन वर्षांच्या वापराने कुठल्याही घरात करावंच लागतं.

## अडचण

हक्काबद्दल फारसा प्रश्न नव्हता. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट व्याजासह परत करायचं. काही कापायचं असेल तर तपशिलासह, आणि तेही प्रत्यक्ष हातात देऊन किंवा रजिस्टर्ड अथवा सर्टिफाइड टपालाने. इथे मुदत उलटली होती आणि आला होता नुसता ईमेल. अन्यायाने अडवलेली रक्कम कोर्टाने दुप्पट द्यायला लावायची, अशीही तरतूद आहे. मात्र दुप्पट सरसकट होत नाही. भाडेकरूकडून घरमालकाला जे खरोखर येणं असतं ते आधी वजा होतं आणि उरलेल्याची दुप्पट होते. डागापोटी ४०० धरले, तर उरतात ३,२००, आणि दुप्पट ६,४००.

प्रश्न होता तो कोर्टाचा. तीन पक्षकार, तीन राज्यं. फेडरल कोर्टात जा, असंही त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांचे दावे तिथे जातात हे खरं, पण त्यासाठी मागणी ७५,००० डॉलरच्या वर लागते. तो विषय तिथेच संपला.

## पहिला निर्णय, आणि तो का फसला

त्यांनी जवळचं कोर्ट धरलं. टेक्सासमध्ये जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी ५४ डॉलर. नवऱ्याने एका संध्याकाळी बसून दावा दाखल केला. बक्स काउंटीत समन्स बजावायला खासगी माणूस लावला, त्याचे ९० गेले. हे ऑगस्टमध्ये.

घरमालकाने वकिलामार्फत एक पानी हरकत घेतली : टेक्सासमध्ये माझं घर नाही, धंदा नाही, करार तिथे झाला नाही, मी तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. डिसेंबरमध्ये दावा फेटाळला गेला. योग्य कोर्टात पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून, एवढंच समाधान.

बायकोचा प्रश्न साधा होता. “कोर्टाने फी घेतली, नंबर दिला. मग चालवायचा नव्हता तर घेतला कशाला?”

यात बरेच जण फसतात. खिडकीवरचा कारकून (आणि आता वेबसाइट) कागद पुरे आहेत का एवढंच बघतो. प्रतिवादीवर या कोर्टाचा हात पोहोचतो का, हे ठरवणं त्याचं काम नाही, आणि तुम्ही विचारलंत तरी तो सांगणार नाही; कायदेशीर सल्ला द्यायला त्याला मनाईच असते. हात पोहोचतो का, याची कसोटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४५ साली इंटरनॅशनल शू कंपनीच्या खटल्यात घालून दिली. कंपनी सेंट लुइसची, पण तिचे विक्रेते वॉशिंग्टन राज्यात फिरून ऑर्डरी घेत. तेवढ्या व्यवहारावर वॉशिंग्टनच्या कोर्टाला तिला बोलावता येतं, असा निकाल लागला. थोडक्यात, प्रतिवादीचं त्या राज्याशी स्वतः होऊन काहीतरी घेणंदेणं हवं. इथे घरमालकाचं टेक्सासशी काहीच घेणंदेणं नव्हतं. टेक्सासला गेले ते भाडेकरू, आणि त्यांच्या जाण्याने त्याचा टेक्सासशी संबंध जोडला जात नाही.

एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम समजावली. घरमालकाने हरकत न घेता समन्स कचऱ्यात टाकलं असतं, तर परिस्थिती याहून वाईट झाली असती. टेक्सासमध्ये कदाचित एकतर्फी निकाल मिळाला असता, घरी आनंदीआनंद झाला असता. मग वसुलीसाठी तो निकाल पेनसिल्व्हेनियात न्यायचा. एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्याने मानायचा, हे घटनेतच आहे. पण निकाल देणाऱ्या कोर्टाचा प्रतिवादीवर अधिकार नव्हता, हा आक्षेप तिथेही घेता येतो, आणि तो टिकला की हातातला हुकूमनामा रद्दीत. वर्ष-दीड वर्ष गेल्यावर हे कळण्यापेक्षा डिसेंबरात कळलं ते बरं.

## पर्याय दुसऱ्यांदा मांडले तेव्हा

जानेवारीत आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर बसलो. मी त्यांना आधी लीज, म्हणजे भाडेकरार, बाहेर काढायला लावलं. त्यात एक कलम होतं की करारावर न्यू जर्सीचा कायदा लागू राहील. नवऱ्याला वाटलं, झालं, कोर्ट ठरलं. तसं नाही. कोणत्या राज्याचा कायदा लागू, ही एक गोष्ट. कोणत्या राज्यातलं कोर्ट, ही दुसरी. पेनसिल्व्हेनियातला न्यायाधीशही न्यू जर्सीचा कायदा लावून निकाल देऊ शकतो. लीजमध्ये कोर्टाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे दोन दारं उघडी होती.

पेनसिल्व्हेनिया. घरमालक तिथला रहिवासी, त्यामुळे अधिकाराबद्दल वाद घालायला जागाच नाही. तिथल्या मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजपुढे १२,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, म्हणजे दुप्पट रक्कम सहज बसते. समन्स बजावणं सोपं. पहिल्यांदा पाहिलं तर हाच पर्याय उजवा वाटतो, आणि नवऱ्याचं मत तिकडेच झुकलं होतं.

मला तीन गोष्टी खटकत होत्या. पहिली : तिथले हे न्यायाधीश वकीलच असतात असं नाही, प्रशिक्षण आणि परीक्षा पुरी करून आलेले बिगरवकीलही असतात. न्यू जर्सीचा डिपॉझिटचा कायदा ते आठवड्यातून दहादा बघत नाहीत. आपण तो त्यांना समजावून सांगायचा, आणि समोर घरमालकाचा वकील. दुसरी, जास्त महत्त्वाची : तिथे हरलेल्या पक्षाने ३० दिवसांत वरच्या कोर्टात अपील केलं की सुनावणी पहिल्यापासून होते, जणू आधीची झालीच नाही. घरमालकाकडे वकील होता आणि हट्टही होता. आपण डॅलसहून दोनदा फेऱ्या मारायच्या? तिसरी : पेनसिल्व्हेनियात साध्या पैशाच्या निकालापोटी पगाराला हात लावता येत नाही, मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे तो तिथे नोकरी करतो याचा वसुलीला काही उपयोग नव्हता.

न्यू जर्सी. घर इथलं, करार इथला, तंटा इथला. इथे घर भाड्याने देणाऱ्याला इथल्या कोर्टात बोलावता येतं, यात शंका नाही. प्रतिवादी राज्याबाहेरचा असेल तर तंटा जिथे घडला त्या काउंटीत दावा लावायचा, म्हणजे मिडलसेक्स, न्यू ब्रन्सविकचं कोर्ट. अडचण वाटत होती ती समन्सची. राज्याबाहेरच्या माणसाला नोटीस पोहोचवायची तर पुन्हा खर्च, पुन्हा “मला मिळालीच नाही”.

इथे लीजच्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान कामाला आलं. न्यू जर्सीत घर भाड्याने देणाऱ्याला नोंदणीचं एक निवेदन भरावं लागतं आणि त्याची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. मालक त्या काउंटीत राहत नसेल, तर काउंटीतल्या एका माणसाचं नाव-पत्ता त्यात द्यायचा, जो मालकाच्या वतीने नोटिसा आणि समन्स स्वीकारेल. दांपत्याने ते पान कधी वाचलंच नव्हतं. बायकोने कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा त्यावर स्टेपलरची पिन गंजून लागलेला डाग आणि खाली एडिसनमधल्याच एका इस्टेट एजंटचा पत्ता. ते पान हरवलं असतं तर टाउनशिपच्या क्लार्ककडे मागता आलं असतं; एक किंवा दोन घरांच्या मालमत्तेची ही नोंद तिथे असते.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक कागद : डिपॉझिट कोणत्या बँकेत ठेवलं आहे, हे कळवणारं पत्र. कायद्याने हे पैसे न्यू जर्सीतल्याच बँकेत व्याजाच्या खात्यात ठेवावे लागतात, आणि भाडेकरूला तसं लेखी कळवावं लागतं. म्हणजे प्रतिवादीचं निदान एक खातं आणि एक काँडो, दोन्ही नदीच्या अलीकडे. निकाल मिळाल्यावर पैसे कुठून निघणार, हे लोक शेवटी बघतात. मी ते आधी बघायला लावतो, आणि इथे ते बघितल्यावर न्यू जर्सीचं पारडं जड झालं.

शिवाय न्यू जर्सीचा निकाल हाती असला, तर उद्या गरज पडल्यास तो पेनसिल्व्हेनियात नोंदवून तिथे वसुली करता येते. मूळ भांडण तिथे पुन्हा उकरलं जात नाही. त्यामुळे न्यू जर्सी निवडून ते दार बंद होत नव्हतं.

## दुसरा निर्णय : स्मॉल क्लेम्स की थोडं वरचं कोर्ट

राज्य ठरलं, पण एक पेच उरला. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर. आपली मागणी ६,४०० किंवा त्याहून वर. स्मॉल क्लेम्समध्ये जायचं तर वरचे पैसे सोडून द्यायचे. ते नंतर वेगळ्या दाव्याने मागता येत नाहीत. दुसरा रस्ता त्याच इमारतीतल्या स्पेशल सिव्हिल पार्टचा, जिथे २०,००० पर्यंत चालतं.

स्मॉल क्लेम्सची फी ३५, तारीख लवकर, प्रतिवादीला लेखी उत्तर द्यावं लागत नाही. स्पेशल सिव्हिलमध्ये फी ७५, प्रतिवादीला उत्तरासाठी ३५ दिवस, आणि एकूण चाल संथ. पण लेखी उत्तर द्यावं लागतं याचा फायदा असा, की समोरचा काय म्हणणार ते सुनावणीआधी कागदावर येतं. कार्पेटच्या पावत्या आहेत की नाहीत, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं.

मी म्हणालो, स्मॉल क्लेम्स घ्या, १,४०० वर पाणी सोडा, मोकळे व्हा. बायको म्हणाली, “नाही. पाच हजारांची मागणी केली की तो तीन हजारांवर तडजोड मागेल. वरून सुरू करू.” मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

## काय केलं

आधी मागणीचं पत्र. सर्टिफाइड टपालाने, पोच मागून, घरमालकाच्या घरी आणि एडिसनच्या एजंटला, दोघांना. पत्र एका पानाचं : घर सोडल्याची तारीख, ईमेलची तारीख, कायद्याची मुदत, डागापोटी ४०० कापायला आमची हरकत नाही, उरलेले ३,२०० पंधरा दिवसांत द्या. रागाचा शब्द नाही. हिरव्या रंगाची पोच-कार्डं दोन्हीकडून सहीनिशी परत आली. ती पुढे पुराव्यात लावली.

डाग स्वतःहून मान्य करायचा का, यावर आमचा बराच खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, आपण होऊन कशाला हत्यार द्यायचं. पण डागाचा फोटो घरमालकाकडे होताच. न्यायाधीशापुढे तो पहिल्यांदा त्याने दाखवला असता, तर बाकीच्या तीन ओळींवरही संशय आला असता.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये दावा. लीजवर दोघांच्या सह्या होत्या म्हणून वादी दोघं. प्रतिवादीचं नाव काउंटीच्या मालमत्ता नोंदीशी ताडून पाहिलं. लीजवरचा आणि नोंदीतला माणूस एकच निघाला. समन्स कोर्टानेच एजंटच्या पत्त्यावर सर्टिफाइड आणि साध्या अशा दोन्ही टपालांनी पाठवलं. ते पोहोचलं.

घरमालकाचं उत्तर चौतिसाव्या दिवशी आलं. अधिकारक्षेत्राबद्दल या वेळी एक अक्षर नाही. कार्पेटसाठी पावती नाही, फक्त एका दुकानाचा अंदाजपत्रकाचा कागद, आणि त्यावरची तारीख त्याच्या ईमेलनंतरची.

मे महिन्यात एक योगायोग घडला. बायकोला तोच काँडो विक्रीच्या जाहिरातीत दिसला. फोटोत बेडरूममध्ये नवं कार्पेट नव्हतंच. इस्त्रीच्या जागी एक खुर्ची ठेवली होती. तिने स्क्रीनशॉट मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

घर विकायला काढलंय याचा अर्थ मोठा होता. स्पेशल सिव्हिलचा निकाल ट्रेंटनला सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे नोंदवला की राज्यभरातल्या प्रतिवादीच्या स्थावरावर बोजा चढतो. बोजा असलेलं घर स्वच्छ टायटलने विकता येत नाही. हे घरमालकाच्या वकिलाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियात दावा लावला असता, तर हा बोजा चढवायला आधी तो निकाल न्यू जर्सीत आणावा लागला असता, तोही अपीलाचे दिवस उलटल्यावर.

## निकाल

जूनमधली तारीख. व्हिडिओवर हजर राहायची परवानगी दांपत्याने आधीच मागून घेतली होती. सुनावणीआधी कोर्टाच्या मध्यस्थाने दोन्ही बाजूंना बसवलं. घरमालकाने ३,२०० देऊ केले, म्हणजे जानेवारीच्या पत्रात जे मागितलं होतं तेच. बायकोने ६,४०० वरून खाली यायला पाऊण तास घेतला. ५,००० वर मिटलं, दोन हप्त्यांत. तडजोडीत एक वाक्य घालून घेतलं : हप्ता चुकला तर ६,४०० वजा मिळालेली रक्कम, एवढ्याचा निकाल थेट नोंदवला जाईल. दोन्ही चेक वेळेत आले.

पाच हजार म्हणजे नेमकी स्मॉल क्लेम्सची मर्यादा. मग स्मॉल क्लेम्समध्येच गेले असते तर? मी आधी तेच म्हणत होतो. आता वाटतं, तिथे पाच हजार ही कमाल झाली असती आणि बोलणी तिथून खाली सुरू झाली असती. बायकोचं बरोबर होतं. मात्र घर विक्रीला निघालं नसतं, तर जूनऐवजी किती लांबलं असतं कुणास ठाऊक. त्या हिशेबात नशिबाचा वाटा धरायला हवा.

## काय वेगळं करता आलं असतं

टेक्सासचा फेरा टाळता आला असता, हे उघड आहे. पण तो टाळायला कायद्याचं ज्ञान लागत नव्हतं. लीजचा गठ्ठा शेवटच्या पानापर्यंत वाचला असता, तर एडिसनचा एजंट आणि न्यू जर्सीची बँक दोन्ही ऑगस्टमध्येच दिसले असते. करारभंगाच्या दाव्याला न्यू जर्सीत सहा वर्षांची मुदत असते. घाई करायचं काही कारणच नव्हतं.

मागणीचं पत्रही दाव्याआधी जायला हवं होतं. ते गेलं पहिला दावा फेटाळल्यावर, आणि तोवर घरमालकाने वकिलावर खर्च केलेला होता. खर्च झालेला माणूस सहजासहजी मागे हटत नाही. जूनमध्ये, नातं अजून गोड असताना, ४०० कापून बाकीचे द्या असं लेखी म्हटलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटण्याची शक्यता मला बरीच वाटते.

घरात शिरताना कार्पेटचे फोटो काढलेले नव्हते. कार्पेट सहा वर्षांचं आहे, हे घरमालकाच्याच एका जुन्या ईमेलमध्ये सापडलं म्हणून निभावलं.

आणि टेक्सासची फी व तिथल्या बजावणीचा खर्च, मिळून १४४ डॉलर. ते बायकोने तडजोडीत मागून पाहिले. मध्यस्थाने नुसती मान हलवली : तो खर्च या कोर्टातल्या दाव्याचा नव्हता.